दुनळीचा उजवा घोडा चिकटतोय: तेल चुकलं की माझं काही चुकलं?

रिंगदहा

मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर सल्ला मागितला की उत्तरंही तशीच येतात.

आजोबांची बाराबोअर दुनळी बंदूक माझ्याकडे आली आहे. बाहेर दोन घोडे असलेली, जुन्या घाटाची. कागदपत्रं रीतसर झाली आहेत, त्यावर चर्चा नको. मी स्वतः एअर रायफल आणि पॉइंट टू-टू (लहान काडतुसाची रायफल) मारते, त्यामुळे साफसफाई मला नवीन नाही. पण या म्हातारीपुढे हात टेकले.

दुखणं असं. डमी काडतुसं घालून पाहिलं तर डावा घोडा टणकन चढतो, टणकन पडतो. उजवा चढवताना मधेच जड लागतो आणि चाप ओढल्यावर झोपेतून उठल्यासारखा पडतो. महिन्याभरापूर्वी त्याच्या बुडाशी डब्ल्यूडी-४० चा फवारा मारला. काय सांगू, लोण्यासारखा चालायला लागला! मी खूश. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जड. पुन्हा फवारा, पुन्हा चार दिवस सुख, आणि आता आधीपेक्षा वाईट.

दुसरं म्हणजे नळीच्या डाव्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. गंजाचा! रेघ न् रेघ मोजून घ्या.

आजोबा लाकडाला जवसाचं तेल चोळायचे, हे आठवतं. आणि त्याच फडक्याने उरलेली बंदूकही पुसून काढायचे.

कपाटात सध्या हॉप्स नंबर नाइन (नळी साफ करायचा द्रव), बॅलिस्टॉल (बंदुकीचं तेल), एक सीएलपी आणि शिलाई मशीनचं तेल आहे. यातलं कोणतं घालू? की आणखी एखादी बाटली आणू?

नेमबाज_०७

सीएलपी घाल आणि मोकळी हो. क्लीनर, ल्युब्रिकंट, प्रिझर्व्हेटिव्ह, तिन्ही एकात. सैन्यं वापरतात, आपल्या बंदुका काय आभाळातून पडल्या आहेत? बाकीच्या बाटल्या देऊन टाक.

जुना आर्मरर

ताई, आधी नेहमीचं. बंदूक उघडून काडतुसांची दोन्ही घरं डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पस्तीस वर्षं शस्त्रागारात काढली तरी मी अजून हे रोज स्वतःला सांगतो.

आता रोग. तो तुम्ही स्वतःच लिहून ठेवलाय, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. जवस.

जवसाचं तेल वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. चित्रकार त्यात रंग कालवतात ते याच गुणासाठी: कालांतराने त्याची कातडी होते. लाकडावर ही कातडी हवीच. पण तेच फडकं घोड्याच्या बुडाशी फिरलं की तेल फटीतून आत उतरतं आणि कळीत, म्हणजे घोडा चालवणाऱ्या आतल्या यंत्रणेत, बसून वार्निश होतं. वर्षानुवर्षं थरावर थर. आमच्याकडे त्याला कीट म्हणायचे. मधाच्या रंगाचं असतं, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो.

मग डब्ल्यूडी-४० ने काय केलं? १९५३ साली रॉकेटच्या पत्र्यावरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी ते बनवलं गेलं. नावातच आहे, ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, आणि चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयोग. त्यात मोठा भाग उडून जाणाऱ्या पातळ द्रावकाचा, तेल थोडं. तुमच्या फवाऱ्याने कीट वरवर मऊ झालं आणि आणखी आत सरकलं. द्रावक उडून गेला, कीट तिथेच बसलं, वर ताजी धूळ चिकटली. दुसऱ्या फवाऱ्याने तेच पुन्हा केलं. तुम्ही घाण काढली नाहीत, तिचं घर बदलून दिलंत. भिजलेल्या बंदुकीतलं पाणी हटवायला डब्ल्यूडी-४० उत्तम आहे. पण तेवढ्याचसाठी.

आणि नेमबाजराव, सीएलपीला मी नावं ठेवत नाही. पण साफ करणारा द्रव घाण सोडवून वाहून नेण्यासाठी असतो आणि तेल जागेवर चिकटून राहण्यासाठी. दोन्ही कामं एका बाटलीकडून करून घेतली की दोन्ही बेताची होतात. रोज मारून रोज पुसल्या जाणाऱ्या रायफलीला ते चालतं, सैन्याचं गणित तेच आहे. पन्नास वर्षांच्या कीटापुढे सीएलपीची डाळ शिजणार नाही.

तेव्हा ‘कोणतं तेल’ हा प्रश्न आज बाजूला ठेवा. आधी घाण कोणती ते पाहायचं, मग तिला विरघळवणारं निवडायचं, आणि तेल सगळ्यात शेवटी. ताजा चिकटा रॉकेलने किंवा मिनरल स्पिरिटने सुटतो. घट्ट झालेलं जवस त्याला दाद देत नाही. त्याला अ‍ॅसिटोन लागतं, आणि अ‍ॅसिटोनचा एक थेंब दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या लाकडावर, पडला तर आजोबांची सगळी पॉलिश गेली म्हणून समजा. म्हणजे कळ लाकडापासून सोडवूनच साफ करायला हवी.

ती तुम्ही सोडवू नका. सांगतो का ते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशाच एका दुनळीचा स्क्रू साध्या पेचकसाने फिरवायला गेलो. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतीची असते, साध्या पेचकसाचं पातं पाचरीसारखं निमुळतं. ते वर चढलं, खाचेची कड उलटली आणि कोरलेल्या पानाफुलांवर एक चांदीसारखा ओरखडा. उस्तादांनी शिव्या घातल्या नाहीत. महिनाभर ती बंदूक माझ्या बाकावर माझ्याकडे तोंड करून ठेवली. त्यातून आतली इंग्रजी व्ही आकाराची स्प्रिंग नीट दाबून धरल्याशिवाय काढली तर बोटं फोडते. कारागिराकडे न्या.

नेलीच तर आणखी एक दाखवा. नळ्यांवर लाकडाच्या शिरांसारखी, लाटालाटांची नक्षी दिसते का? असेल तर त्या दमास्कस नळ्या असतील: लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, घणाखाली सांधलेल्या. काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या बंदुकीच्या दारूच्या, जमान्यातल्या. त्यात आजची काडतुसं कारागिराने होकार दिल्याशिवाय मारायची नाहीत. तेलाचा प्रश्न त्यानंतरचा.

अंगठ्याचं सोपं आहे. घामात मीठ असतं. सगळ्यात बारीक स्टील वूल (चार शून्यवाली) तेलात भिजवा आणि दाब न देता फिरवा, गंज तेलात उतरेल. गंज काढायचं आम्ल किंवा व्हिनेगर चुकूनही नको. नळीचा निळा-काळा रंग हाही लोखंडाचा ऑक्साइडच, आणि आम्लाला गंजातला आणि रंगातला फरक कळत नाही. दोन्ही साफ करून हातात पांढरी नळी देतं.

रिंगदहा

काका, ‘घर बदलून दिलंत’ वाचून हसले आणि मग बंदुकीकडे पाहून हसू गेलं. नक्षी नाही, नळ्या एकसारख्या काळ्या आहेत. तरी दाखवीन.

पण तुम्ही दस्त्याचा विषय काढलात म्हणून विचारते. कळीच्या मागे लाकूड जवळजवळ काळं पडलंय. मला वाटलं जुन्या लाकडाचा रंग. नखाने दाबलं तर किंचित खड्डा पडतो.

आणि रच्याकने, हाच तेलांचा हिशेब एअर रायफललाही लागू आहे का? कारण गेल्या वर्षी मी माझ्या जुन्या स्प्रिंगवाल्या रायफलच्या हवेच्या छिद्रात मशीनचं तेल दोन थेंब घातलं होतं. पहिल्याच शॉटला कानठळी बसली आणि नळीतून धूर! मला वाटलं काहीतरी फुटलं.

हवाबंद

एअर रायफलचं मी सांगतो, काकांची परवानगी गृहीत धरून.

तुझ्या रायफलमध्ये डिझेल इंजिन चाललं. अक्षरशः. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा हवा क्षणात दाबली जाते आणि शेकडो अंशांपर्यंत तापते. तिथे खनिज तेलाची वाफ असेल तर ठिणगीशिवाय पेटते. वेग वाढतो म्हणून काही हौशी लोक मुद्दाम करतात आणि मग सील जळालं, स्प्रिंग तुटली म्हणून रडत येतात. पिस्टनच्या पुढे खनिज तेल जाऊ द्यायचं नाही. सीलला बनवणाऱ्याने सांगितलेलं सिलिकॉन, तेही नावाला. मात्र स्प्रिंगला आणि धातूवर धातू घासतो तिथे सिलिकॉन निरुपयोगी, तिथे मॉलिब्डेनमचं ग्रीस. लोक नेमकं उलटं करतात.

तुझी स्पर्धेची रायफल सिलिंडरवाली असेल तर आणखी जपून. २०० बार दाबाची हवा आणि पेट्रोलियम तेल एकत्र आणणं म्हणजे आगीला आमंत्रण. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट, बस्स. बनवणाऱ्याचं पुस्तक सांगेल तेच.

नळी? पेलेट शिशाचे, दारू नाही, काजळी नाही. साफसफाईचे फेल्टचे पेलेट कोरडेच मारून काढ. तेलकट नळीने पुढचे कितीतरी शॉट इकडे तिकडे जातात, ते तुला मी सांगायला नको.

पॉइंट टू-टूची गोळी बहुधा उघड्या शिशाची, तांब्याचं कवच नसलेली, वर मेणासारखं वंगण. तांबं काढणारे अमोनियावाले द्रव तिथे कशाला? फक्त चेंबरच्या तोंडाशी काजळीचं एक कडं जमतं, तेवढ्यावर ब्रश फिरव.

ठासणीवाला

अवांतर वाटेल, पण दोन शब्द काळ्या दारूबद्दल, कारण आजोबांच्या बंदुकीत कधीकाळी तीही जळली असेल.

आम्ही ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक) मारणारे लोक पाण्याने धुतो. हो, पाण्याने. काळी दारू जळल्यावर मागे पोटॅशियमचे क्षार राहतात आणि ते हवेतला ओलावा ओढतात. तेल क्षार विरघळवत नाही, वर पांघरूण घालतं आणि खाली गंज सुखाने नांदतो. पेट्रोलियम तेल त्या राखेत मिसळलं की डांबरासारखा लगदा होतो, तो वेगळाच. गरम पाणी, साबणाचा थेंब, कोरडी चिंधी, पुन्हा कोरडी चिंधी, मग तेल. पाणी गरम घेतलं की नळी तापते आणि स्वतःच लवकर सुकते, गरम पाण्याचा अर्धा फायदा तोच.

जुन्या लष्करी काडतुसांचंही तेच. त्यांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. मी एकदा जुन्या रायफलमध्ये असली काडतुसं मारली आणि महागड्या द्रावकाने पांढरी चिंधी येईपर्यंत घासली. वर छान तेल. चौथ्या दिवशी नळीत डोकावलो तर आत तपकिरी मखमल! चिंधी पांढरी आली ती काजळी गेली म्हणून. मीठ कुठे दिसतं डोळ्यांना?

तुझ्याकडे बॅलिस्टॉल आहे ना? १९०४ साली जर्मन सैन्यासाठी काढलेलं. पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं होतं. पाणी क्षार नेतं आणि उडून जातं, तेलाचा पातळ थर मागे उरतो. लाकडावर सांडलं तरी आकांडतांडव नाही. वास मात्र घरच्यांना विचारून घे.

नेमबाज_०७

बरं, माघार. पण मग माझी शंका सोडवा. रायफल हॉप्सने साफ करतो, चिंधी निळी-हिरवी येते म्हणजे तांबं निघतंय, हे कळतं. पण तीस चिंध्या झाल्या तरी निळी यायची थांबत नाही! नळीत तांब्याची खाण आहे का?

जुना आर्मरर

चिंधी कशाच्या टोकाला लावता? पितळी जॅग (गजाच्या टोकाचा चिंधी धरणारा तुकडा) असणार. पितळात तांबं आहेच. तुम्ही नळी नव्हे, जॅग साफ करताय. नायलॉनचा किंवा निकेल चढवलेला जॅग घ्या आणि मागून पुढे ढकला, चिंधी पुढच्या तोंडातून बाहेर काढून घ्या. पुढून गज घालणाऱ्यांनी नळीचं तोंड घासून घासून अचूकता घालवल्याची उदाहरणं मी मोजणं सोडलं. आणि तांबं काढणारा तीव्र अमोनियाचा द्रव नळीत रात्रभर ठेवून झोपायचं नाही, बाटलीवर मिनिटं लिहिलेली असतात. भागांवर निकेलचा मुलामा असेल तर असे द्रव त्यावर नकोच, तो तांब्याच्या थरावर बसवलेला असला तर खालून पोखरतात. १९०३ पासून हॉप्स चालत आलंय. त्या केळ्यासारख्या वासावर माणसं इतकी भाळतात की साफ झाल्यावरही उगाच एक चिंधी जास्त मारतात. मीही मारायचो.

ताई, ठासणीवाले म्हणतात ते सोळा आणे खरं.

आता दस्ता. तो काळा रंग म्हातारपणाचा नाही, तेलाचा आहे. बंदूक कपाटात बटावर उभी असते. भरपूर तेल घातलं की ते वर्षभरात हळूहळू कळीतून खाली, लाकडाच्या टोकात मुरतं. लाकूड मऊ होतं आणि एके दिवशी धक्क्याने चिरतं. आम्ही तेल घालणाऱ्यांनी मारलेले दस्ते गंजाने मेलेल्या नळ्यांपेक्षा कमी नसतील. कळ सुटलेली असेल तेव्हाच उघड्या लाकडावर खडूची बारीक पूड दाबून बसवा, कोमट जागी ठेवा. पूड पिवळी पडली की झटकून नवी. धीर धरा, पाच-सहा वेळा करावं लागेल. यापुढे साफ केल्यावर काही दिवस बंदूक तोंड खाली करून उभी ठेवा.

आणि ‘किती तेल’ ते ऐका, ‘कोणतं’ पेक्षा ते महत्त्वाचं. शिवणाची सुई तेलात बुडवा. टोकाला जो मणी लटकतो, तो एका आसाला एक. एवढंच. कळीच्या आसांना तुमचं शिलाई मशीनचं तेल चालेल, पातळ आहे, गोठत नाही. पण गंजापासून ते फारसं वाचवत नाही, म्हणून बाहेरच्या नळीला ते नको, तिथे सीएलपी किंवा बॅलिस्टॉल. चिंधीवर घ्या, नळीवर नाही. पुसल्यावर नळी ओली दिसली तर जास्त झालं. श्वास टाकला आणि धुकं नीट न बसता थेंबाथेंबाने जमलं तर पुरेसं आहे. नळी ज्या खिळीवर मोडते तिथे आणि नळीच्या बुडाच्या आकड्याला मात्र ग्रीस. तिथे दाब मोठा, तेल पिळून बाहेर जातं. तेवढ्यासाठी एक नळकांडं आणा, बाकी तुमचं कपाट भरलेलं आहे.

मारण्याआधी नळीतून आणि चेंबरमधून कोरडी चिंधी फिरवायची. आत तेल ठेवून बार काढायचा नाही.

एक राहिलं. जवसाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. ते घट्ट होताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. अशा एका बोळ्यातून धूर येताना मी बादली घेऊन धावलोय. पसरून वाळवा किंवा पाणी घालून झाकणाच्या डब्यात टाका. आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा, चिंध्यांवरचं काळं सगळंच काजळी नसतं, शिसंही असतं.

रिंगदहा

तीन आठवड्यांनी परत आले, धागा वर काढतेय.

कारागिराने माझ्यासमोर कळ सोडवली. काकांनी सांगितलेला मधाचा रंग तंतोतंत! घोड्याच्या आसाभोवती गुळाच्या पाकासारखी पिवळी कातडी, आणि तिच्यात अडकलेला एक लाल धागा. आजोबांचं फडकं म्हणजे त्यांचा जुना फ्लॅनेलचा सदरा होता, लाल चौकडीचा. मी कारागिराला म्हटलं, थांबा जरा. चिमट्याने तो धागा काढून कागदात ठेवला. त्याने काही विचारलं नाही.

अ‍ॅसिटोन, नायलॉनचा ब्रश, मग सुईचा मणी. दोन्ही घोड्यांचा आवाज आता एकच येतो. डाव्या कळीतही तेच निघालं, फक्त थर पातळ होता, म्हणजे तोही वर्षा-दोन वर्षांत अडलाच असता. नळ्या त्याने मापून पाहिल्या, साध्या पोलादाच्या आहेत आणि ठीक आहेत म्हणाला. अंगठा गेला, पण तिरप्या उजेडात अजून एक फिकट सावली दिसते.

खडूचा चौथा थर आज सकाळी झटकला, अजून पिवळाच निघतोय. बंदूक कपाटात उलटी उभी आहे, तोंडाखाली कोरा कागद ठेवलाय. काल त्यावर बोराएवढा तेलाचा डाग पडला होता. मी तर मोजून सुईनेच तेल घातलं होतं, मग हे कुठलं?

जुना आर्मरर

ते जुनं. डब्ल्यूडी-४० चं आणि आजोबांचं. येऊ दे, कागद बदलत राहा.